आई-बाबा, वावराचे कागद असे राखा

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

नव्या रस्त्याची मोजणी झाल्यापासून आपल्या शिवारात दलाल फिरू लागलेत, आणि त्यातल्या एकानं बाबांकडं सातबारा, आधार अन् पॅनची झेरॉक्स मागितली, असं कळलं. फोनवर हा विषय नीट होत नाही. रेंज जाते, मध्येच कुणी येतं. म्हणून सगळं लिहून पाठवते. आई, तू बाबांना वाचून दाखव, आणि जिथं शंका येईल तिथं पेनानं खूण करून ठेव.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. "रजिस्ट्री ऑफिसात सरकारी माणूस बसलेला असतो, तो काय दुसऱ्याची जमीन विकू देईल?" असं गावात सगळेच म्हणतात. पण नोंदणी अधिनियम १९०८ प्रमाणे दुय्यम निबंधक, म्हणजे तोच सरकारी माणूस, मुख्यतः एवढंच पाहतो की समोरचा माणूस दस्तात लिहिलेलाच आहे का, सही त्याला कबूल आहे का, आणि मुद्रांक व फी भरली का. विकणारा खरा मालक आहे का, याचा निवाडा करणं त्याचं काम नाही. सर्वोच्च न्यायालयानंही एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका प्रकरणात हेच सांगितलं. त्यामुळं खोटं आधार कार्ड घेऊन बाबांच्या वयाचा कुणी माणूस उभा राहिला, आणि टोळीतलेच दोघं "आम्ही यांना ओळखतो" म्हणून सही करायला आले, तर दस्त नोंदला जाऊ शकतो.

दुसरा रस्ता मुखत्यारपत्राचा, म्हणजे आपल्या वतीनं सही करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदाचा, आणि मला जास्त भीती त्याचीच वाटते. त्यात खरा मालक विक्रीच्या दिवशी ऑफिसात येतच नाही. मुखत्याराचा फोटो, मुखत्याराचा अंगठा, काम संपलं. म्हणून "कोर्टाच्या कामासाठी", "मोजणीच्या अर्जासाठी", "मोबदल्याच्या फाइलसाठी" अशा कुठल्याही कारणानं कुणी मुखत्यारपत्र मागितलं तर साफ नाही म्हणा. अगदीच द्यावं लागलं तर एकाच कामाचं द्या, गट नंबर घाला, आणि "विक्री, गहाण, बक्षीस, ईसार करण्याचा अधिकार नाही" हे शब्द त्यात लिहून घ्या. पूर्वी कधी कुणाला दिलेलं असेल तर ते तोंडानं रद्द होत नाही. रद्दनामा नोंदवायचा, त्याची नोटीस त्या माणसाला स्पीड पोस्टानं पाठवायची आणि पेपरात जाहीर सूचना द्यायची.

रजिस्ट्री होऊन गेली तरी एक दार मात्र उघडं असतं, ते म्हणजे फेरफार, सातबाऱ्यावरचं नाव बदलायची नोंद. दस्त नोंदला की त्याची माहिती संगणकावरून तहसीलला जाते आणि गाव नमुना ६ मध्ये फेरफार धरला जातो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५० प्रमाणे पटवाऱ्यानं (म्हणजे तलाठ्यानं; आता त्यांचं पदनाव ग्राम महसूल अधिकारी झालं आहे) त्याची प्रत चावडीवर लावायची आणि ज्यांचा हक्क आहे त्यांना लेखी नोटीस द्यायची. ती गाव नमुना ९ ची नोटीस. हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. त्यात कुणी काही बोललं नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर नवं नाव चढतं.

हे १५ दिवस हातातून का जातात, ते सांगते. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते. किंवा घरातलं कुणी "कोर्टकचेरीचं लफडं नको" म्हणून पोस्टमनला परत पाठवतं. नोटीस नाकारली की ती मिळाली असंच धरलं जातं, हे कृपा करून लक्षात ठेवा. कोर्टाचं समन्स असो की तहसीलचा कागद, घ्यायचा, मागं तारीख लिहायची आणि फोटो काढून मला पाठवायचा. कोर्टाचं समन्स परत गेलं तर एकतर्फी हुकूम होतो, आणि तो उलटवायला वर्षं जातात.

चावडीवर रोज जायची गरज नाही. महाभूमीच्या संकेतस्थळावर "आपली चावडी" म्हणून पान आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की चालू असलेले फेरफार दिसतात: नंबर, प्रकार, गट नंबर, आणि हरकतीची शेवटची तारीख. पैसे लागत नाहीत. मी दर रविवारी इथून पाहत जाईन. तुम्ही गावातल्या एखाद्या पोराकडून महिन्याच्या १ आणि १५ तारखेला पाहून घ्या. १५ दिवसांची मुदत असल्यानं महिन्यातून एकदाच पाहिलं तर एखादी नोंद मधल्या मध्ये निसटू शकते.

आणि दर सहा महिन्यांनी डिजिटल सहीचा सातबारा काढा, १५ रुपये लागतात. फुकटात दिसतो तो नुसता पाहण्यापुरता, सरकारी कामात चालत नाही. सातबारा हातात आल्यावर पुढच्या चार जागी नजर टाकायची.

भोगवटादाराचं नाव आणि त्याच्यापुढचं क्षेत्र. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. एक एकर म्हणजे ४० आरच्या जरासं वर. आपलं चार एकर १.६२ असं दिसायला हवं. तिथं १.२१ दिसलं तर एक एकर कुणाच्या तरी नावावर गेलं. कंसात घालून खोडलेलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव, आणि शेजारचा आकडा म्हणजे ज्या फेरफारानं ते झालं त्याचा नंबर.

उजवीकडचा "इतर अधिकार" रकाना. इथं बँकेचा, सोसायटीचा बोजा, विहिरीचा हिस्सा, कुळाचं नाव, कोर्टाची मनाई असं सगळं येतं. आपण न घेतलेला बोजा दिसला तर त्याच दिवशी चौकशी करायची. "प्रलंबित फेरफार" या ओळीसमोर "नाही" असावं. तिथं नंबर दिसला की समजायचं, काहीतरी चालू आहे. आणि "शेवटचा फेरफार क्रमांक व दिनांक". मागच्या उताऱ्यावरचा आणि या उताऱ्यावरचा नंबर एकच असेल तर मधल्या काळात काही झालेलं नाही. बाबांना बाकी काही पाहायला जमलं नाही तरी एवढी एक जुळवणी पुरे.

झेरॉक्सबद्दल. सातबारा कुणीही काढू शकतो, तो लपवून काही होत नाही. जपायचं ते आधार, पॅन आणि सहीचा नमुना. कुठंही आधारची प्रत द्यायची झाली तर फोटोवरून तिरपं लिहा, "फक्त पीक कर्जासाठी", आणि तारीख टाका. अक्षर फोटोवर आणि नंबरवर गेलं पाहिजे, कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं. शिवाय आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका. काही राज्यांत नोंदणीच्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून, त्यांची नक्कल करून लोकांच्या खात्यातून पैसे काढल्याचे गुन्हे झालेत. लॉक केलं की अंगठा चालत नाही, आणि रेशनला किंवा केवायसीला लागेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडता येतं. मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा एवढंच. मी आले की करून देते, तोवर परक्या पोराच्या मोबाइलवर करू नका.

आई, हा मुद्दा तुझ्यासाठी. फार्मर आयडी, पीएम किसानची केवायसी, पीक विमा, निराधारचा अर्ज, यांतल्या कशालाही स्टॅम्पपेपरवर सही लागत नाही. आणि कुठलीच सरकारी योजना तुला दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात नेत नाही. "काकू, फक्त फोटो काढायचा आहे" म्हणून कुणी तिथं नेलं तर उठून घरी ये. तिथं होतं असं: संगणकासमोर बसवतात, कॅमेऱ्यात फोटो निघतो, यंत्रावर अंगठा घेतात, आणि साहेब विचारतो, "दस्त वाचला? कबूल आहे?" मागं उभा असलेला माणूस "हो म्हणा, हो म्हणा" करतो. त्या एका "हो"नं दस्त पक्का होतो. त्या टेबलापर्यंत कधी जावंच लागलं तर दस्ताच्या पहिल्या पानावरचं नाव मोठ्यानं वाचून घ्यायचं: खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र की मुखत्यारपत्र. ठरलं एक आणि लिहिलं दुसरं असेल तर साहेबासमोर स्पष्ट "मला कबूल नाही" म्हण. असं म्हटल्यावर तुझ्यापुरती नोंदणी त्याला नाकारावी लागते.

बाबा, तुम्हाला कुणाचा शब्द मोडवत नाही, म्हणून हे निक्षून सांगते. कुणाच्याही रजिस्ट्रीत ओळखदार म्हणून उभे राहू नका. ज्याला तुम्ही चांगलं ओळखत नाही त्याला "ओळखतो" म्हणून सही केली आणि माणूस खोटा निघाला, तर गुन्ह्यात तुमचंही नाव येतं. नोंदणी अधिनियमाच्या कलम ८२ खाली खोटं निवेदन, तोतयेगिरी आणि त्यांना मदत, या सगळ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चहा-नाश्ता आणि दोनशे रुपयांसाठी आपल्या तालुक्याला रोज साक्षीला बसणारी माणसं आहेत, त्यांच्या रांगेत तुम्ही नको.

आता सावकारीचं. आपल्याकडं जमीन जाण्याचा हाच सगळ्यात जुना रस्ता आहे, आणि त्यात कागद खोटा नसतो, म्हणून तो जास्त वाईट. मृगाच्या आधी बियाण्याला किंवा दवाखान्याला पैसे लागतात. परवाना नसलेला सावकार म्हणतो, "नाममात्र खरेदी करून द्या, पैसे फिटले की पलटवून देतो." पलटवायचं लिहितात ते वेगळ्या स्टॅम्पवर, किंवा नुसतं तोंडी. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८ प्रमाणे परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली असेल तरच तो व्यवहार गहाण म्हणून मांडता येतो. वेगळ्या कागदावर असेल तर खरेदी ती खरेदीच. काकांनी असं काही केलं असेल किंवा करायच्या बेतात असतील, तर त्यांना हे आजच सांगा.

पण झालेलं असलं तरी हात टेकू नयेत. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ च्या कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं अर्ज करता येतो. सावकारीपोटी १५ वर्षांच्या आत गेलेली जमीन असेल तर चौकशी करून ते दस्त अवैध ठरवू शकतात आणि जमीन परत द्यायचा आदेश काढू शकतात. तालुक्याच्या सहायक निबंधकाकडंही अर्ज देता येतो. तिथं उपयोगी पडणारे पुरावे लोकांना ठाऊक नसतात, म्हणून लिहिते: दस्तातली किंमत सरकारी दरापेक्षा किती कमी आहे, खरेदीनंतरही वावर कोण वाहत होतं, सोसायटीची, बियाण्याची, जिनिंगची पावती कुणाच्या नावानं आहे, आणि त्याच माणसाच्या नावानं गावात अशा किती खरेद्या आहेत. हा शेवटचा पुरावा सर्वांत जोरकस. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मोफत शोध घेता येतो. वर्ष, तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की सूची २ दिसते, म्हणजे कुणी कुणाला किती क्षेत्र कितीला लिहून दिलं ते. शोधताना ४५, ४५/१, ४५/१अ असे सगळे प्रकार टाकून पाहावे लागतात, कारण नोंद करणारा हवं तसं लिहितो. आपल्या गटाचाही असा शोध वर्षातून एकदा घ्यायला हवा.

आजोबांचं नाव त्या डोंगराकडच्या वावरावर अजून आहे. मेलेल्या माणसाच्या नावावरची जमीन चोरांना फार सोयीची, कारण हरकत घेणाराच नसतो. वारसांची खबर तीन महिन्यांत द्यायची असते. उशीर झाला असला तरी नोंद होते. २०२५ मध्ये सरकारनं "जिवंत सातबारा" मोहीम याच कामासाठी काढली. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं घालून अर्ज करा. सगळ्या म्हणजे दोन्ही आत्याही. गावातली रीत काहीही असो, हिंदू उत्तराधिकार कायद्यानं त्यांचा हक्क आहे, आणि त्यांना न विचारता केलेली नोंद पुढं आपल्याच अंगावर येते. त्यांना खुशीनं हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, तलाठी कार्यालयातला जबाब त्यासाठी पुरत नाही. "ए.कु.मॅ." असं एखाद्या नावामागं दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, बाकी भावंडांची नावं त्याच्यामागं लपलेली असतात. तीही उघड करून घ्यायची.

शेजारचं दोन एकर विकायला निघालंय, ते घ्यायचं बाबांच्या मनात आहे. त्याच्या सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" आहे का ते आधी पाहा. भूदानाची, सीलिंगची, सरकारनं वाटलेली जमीन बहुधा या वर्गात असते आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तिची विक्री चालत नाही. आदिवासी खातेदाराची असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६अ आड येतं, तिकडं वळूच नका. ईसार चेकनंच द्या. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेली सौदाचिठ्ठी म्हणजे मालकी नव्हे.

देव न करो, पण आपल्या वावरावर खोटा दस्त झालाच, तर क्रम असा. त्याच दिवशी डिजिटल सातबारा, फेरफाराची नक्कल आणि दुय्यम निबंधकाकडून दस्ताची प्रमाणित प्रत काढायची. ती प्रत फार मोलाची, कारण लिहून देणाऱ्याचा फोटो आणि अंगठा दस्तावरच असतो. तोतयानं आपला पुरावा स्वतः सरकारकडं ठेवलेला असतो. फेरफार अजून प्रमाणित झाला नसेल तर लगेच हरकत द्यायची. मजकूर एवढाच पुरे:

"गट क्र. …, मौजा …, फेरफार क्र. … मला मान्य नाही. मी सदर दस्त करून दिलेला नाही. माझी सुनावणी झाल्याशिवाय नोंद प्रमाणित करू नये."

खाली सही, तारीख, मोबाइल नंबर. तलाठ्याला एक, मंडळ अधिकाऱ्याला एक, तहसीलदाराला एक. आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायची. हरकतीची पोच द्यायला तलाठी कायद्यानंच बांधलेला आहे, "ठेवून जा, पाहतो" यावर निघून यायचं नाही. हरकत आली की ती तक्रारीच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना ६अ मध्ये, घ्यावी लागते आणि सुनावणी होते.

नोंद प्रमाणित झाली असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली एसडीओंकडं (उपविभागीय अधिकाऱ्यांकडं) अपील, मुदत ६० दिवस. उशीर झाला तर कारण लिहून माफीचा अर्ज जोडायचा, आणि अपिलासोबतच स्थगितीचाही.

पोलिसांत तक्रार लेखी द्यायची. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते: फसवणूक ३१८, तोतयेगिरी ३१९, बनावट दस्त ३३६ आणि ३३८, तो खरा म्हणून वापरणं ३४०. आधीच्या गुन्ह्यांना जुनी ४२०, ४६७, ४६८, ४७१. खरेदीखत हा मौल्यवान दस्त, त्यामुळं ३३८ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ठाण्यात "हे दिवाणी आहे, कोर्टात जा" असं म्हणतील. तेव्हा तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवायची, आणि तरी हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडं अर्ज.

पण मालकीचा शेवटचा निकाल दिवाणी कोर्टातच लागतो. फेरफार हा महसुलापुरता असतो, त्यानं मालकी येत नाही आणि जात नाही. दस्त रद्द करण्याच्या दाव्याला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. "पोलिसांत दिलंय ना" म्हणून बसून राहणारे इथंच गमावतात. आणि दावा चालू असताना ताबा सोडायचा नाही. पेरणी आपली, ई-पीक पाहणी आपल्या मोबाइलवरून, वावर ठेक्यानं दिलं असलं तरीही. आई, घर तुझ्या नावावर आहे हे बरंच आहे: मालमत्तेच्या वादात बाईला महाराष्ट्रात कोर्ट फी माफ आहे, आणि उत्पन्न कितीही असलं तरी तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. मात्र त्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कराची नोंद, मालकीचा कागद नाही. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाण मोजलं गेलं असेल तर मालमत्ता पत्रक काढून घे आणि त्यावर तुझंच नाव आहे ना ते बघ.

एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहिते. आमच्यापैकी कुणाच्याही, माझ्या किंवा दादाच्या, नावावर जिवंतपणी सगळं करून देऊ नका. द्यायचंच झालं तर बक्षीसपत्रात "देणाऱ्यांचा सांभाळ आणि औषधपाणी करण्याच्या अटीवर" हे शब्द घालून घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ चा आधार त्या अटीवर उभा राहतो, आणि अट मोडली तर एसडीओंसमोरच्या न्यायाधिकरणात दस्त रद्द होऊ शकतो. त्यापेक्षा मृत्युपत्र बरं. दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही, पण तुम्ही ती करा आणि त्या दिवशी डॉक्टरांचा दाखला जोडा.

मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखात दिवाळीनंतर टाकू, म्हणजे तूर निघाल्यावर वावर मोकळं असताना मोजणीवाले येतील. तोवर दक्षिणेकडच्या धुऱ्यावरचे दगड कुणाला हलवू देऊ नका, आणि बाबा, त्या दलालाला झेरॉक्स दिली की नाही ते मला उद्याच कळवा. दिली असेल तर कुठल्या कागदांची, आणि कोऱ्या कागदावर सही घेतली का, तेही.

तुमची,
मीना